चिमटीचं मोल

मृग नक्षत्र जवळ आलं की मला आजही एक लाल रेघ आठवते.

1997 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ती मी ओढली होती. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत मी तेव्हा शेतीकर्जाचं काम पाहत होतो. पेरणीआधीचे ते पंधरा-वीस दिवस म्हणजे शाखेत जत्राच. सातबारा, आठ-अ, बेबाकीचे दाखले यांची चळत टेबलावर आणि टेबलापलीकडे घाईला आलेली माणसं. त्या गर्दीत एक गृहस्थ आले. गाव त्यांना अण्णा म्हणत असे. पुढे मीही तेच म्हणू लागलो. चार एकर सोयाबीनसाठी त्यांना कर्ज हवं होतं. मुलाच्या वहीचा कागद फाडून त्यांनी खर्चाची यादी करून आणली होती. बियाणं, डीएपी, कोळपणी-खुरपणी, फवारणी, काढणी-मळणी. आणि सगळ्यात शेवटी, खाली जागा उरली नाही म्हणून समासात आडवी लिहिलेली एक ओळ : ‘बियाण्याचं औषध, कल्चरची पाकिटं, जस्त – दोनशे रुपये.’

आमच्याकडे जिल्ह्याच्या तांत्रिक समितीनं ठरवून दिलेला कर्जदर असे. रोख किती, खतापोटी वस्तुरूपानं किती, सगळं छापील. त्या तक्त्यात समासातल्या या ओळीला घर नव्हतं. मी लाल शाईनं तिच्यावर रेघ ओढली आणि म्हटलं, “अण्णा, हे काही बसत नाही. त्यापेक्षा डीएपीची एक गोणी जास्त घ्या, ती बसते.”

अण्णा हसले. म्हणाले, “साहेब, गोणी बसती अन् चिमूट बसत न्हाई. बँकेचं माप लई मोठं हाय.”

मला त्या वेळी ते बोलणं गावाकडच्या माणसाचा एक विनोद वाटला. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून मी तो विसरूनही गेलो.

जुलैच्या अखेरीस पीकपाहणीसाठी त्यांच्या शिवारात गेलो तेव्हा अण्णांनी मला बांधावर बसवलं. त्यांनी आपल्या पदरच्या पैशानं दोन एकरांच्या बियाण्याला ती ‘चिमूट’ लावली होती आणि बाकीचे दोन एकर पैसे न पुरल्यामुळं तसेच पेरले होते. दोन्हीकडची चार-चार झाडं त्यांनी हळूच माती उकरून मुळासकट काढली, पाण्यात बुडवून धुतली आणि माझ्यापुढं ठेवली. वरून पाहिलं तर मला फारसा फरक कळत नव्हता. मुळं पाहिल्यावर कळला. एकीकडच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दाटीनं धरल्या होत्या, दुसरीकडं तुरळक. अण्णांनी नखानं एक गाठ फोडली. आतून ती गुलाबी होती, लहान मुलाच्या हिरडीसारखी. “ही जिती गाठ,” ते म्हणाले. “आतून पांढरी निघाली तर रिकामी समजायची. साहेब, हा माझा खताचा कारखाना. ह्याला तुमी कर्ज दिलं न्हाई.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शेतीकर्जाचे अर्ज तपासत मला बारा वर्षं होऊन गेली होती, पण सोयाबीनच्या मुळाची गाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली.

त्या गाठीचा अर्थ नंतर पुस्तकं आणि कृषी विद्यापीठातली जाणती माणसं यांच्याकडून समजून घेतला. तो घरातल्या सर्वांना समजेल असा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र असतं. पण झाडाला ते थेट खाता येत नाही. सोयाबीनच्या मुळांत एक जातीचे जिवाणू वस्तीला येतात. झाड त्यांना राहायला गाठ बांधून देतं, साखर खाऊ घालतं; त्या बदल्यात जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पचेल अशा रूपात आणून देतात. या कामासाठी त्यांच्याजवळ जे विकर असतं त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम या दोन धातूंचे कण असावे लागतात. जिवाणूंना स्वतःला थोडा कोबाल्टही लागतो. झाडाच्या वाढीला जस्त लागतं. गाठीतला गुलाबी रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भाऊबंद आहे. म्हणजे त्या नखाएवढ्या गाठीत रक्तही आहे आणि स्वयंपाकघरही आहे.

आता बँकेतल्या माणसाच्या सवयीनं हिशेब मांडतो. एक टन सोयाबीन पिकायला झाडाला साधारण 80 किलो नत्र लागतं, कारण दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि प्रथिनं नत्राशिवाय होत नाहीत. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर 40 किलो नत्र झालं. डीएपीच्या 50 किलोंच्या गोणीत नत्र असतं 18 टक्के, म्हणजे 9 किलो. उरलेलं कुठून येतं? थोडं जमिनीतून आणि बरंचसं त्या गाठींमधून. ज्या कारखान्यातून पिकाची मोठी गरज भागते त्याच्या कच्च्या मालाची ओळ मी समासातून खोडली होती, आणि 9 किलो नत्राच्या गोणीला आनंदानं मंजुरी दिली होती. भरीला भर म्हणजे, स्फुरद जरुरीपेक्षा जास्त पडलं की झाडाला जस्त घेणं अवघड जातं. म्हणजे माझी जास्तीची गोणी अण्णांच्या चिमटीच्या मुळावर उठली असती.

अति थोड्या मात्रेवर मोठं काही अवलंबून असतं ही गोष्ट माणसाच्या बुद्धीला सहजासहजी पटत नाही, विज्ञानालाही ती उशिराच पटली. झाडाला मॉलिब्डेनम लागतंच हे 1939 साली आर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या रोपांवर दाखवून दिलं. 1942 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात अँडरसन यांनी खुरटलेल्या कुरणांवर अगदी नाममात्र मॉलिब्डेनम टाकलं आणि तिथला क्लोव्हर तरारून आला. आपल्याकडं उत्तरेच्या तराई भागात भाताची पानं तांबूस पडून पीक बसत असे. त्याला ‘खैरा’ म्हणत. लोक रोगजंतू शोधत होते. पंतनगरच्या विद्यापीठातले डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1966 साली दाखवून दिलं की हा रोग जस्ताच्या उपासमारीचा आहे.

घरात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि गलगंडाचं प्रमाण उतरलं. आज आपल्या डब्यातल्या मिठात जे आयोडीन आहे ते किलोत कणभर. ते दिसत नाही, चवीला लागत नाही, त्याचा कुणी कौतुकानं उल्लेख करत नाही. पण ते नसलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. बियाण्याला लावलेल्या जस्ताची आणि मॉलिब्डेनमची गोष्ट याच जातीची आहे. बी उगवून मुळावर गाठी धरेपर्यंतचे पहिले तीन-चार आठवडे हे झाडाचं बाळपण. त्या वेळी जे मिळालं नाही ते पुढं गोणीनं ओतून भरून निघत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता हा माणूस बियाण्याला अमुक लावा, तमुक लावा असं सांगणार. तसं नाही. कारण लाल रेघेनंतर पंचवीस वर्षांनी मी या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली, आणि ती माझ्या स्वतःच्या घरात पाहिली.

बार्शी तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. ती माझा पुतण्या कसतो. 2022 च्या खरिपात तो डीएपी आणायला तालुक्याच्या एका दुकानात गेला. डीएपी हवं असेल तर सोबत ही बाटली घ्यावी लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. याला आता खेड्यापाड्यांत ‘लिंकिंग’ हा शब्द रूढ झाला आहे; तो उच्चारताना कुणाला संकोचही वाटत नाही. बाटलीवर लिहिलं होतं : बियाण्यासाठी सर्व सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र, भरघोस उत्पन्नाची खात्री. आत जस्त किती, बोरॉन किती, मॉलिब्डेनम आहे की नाही, याचा आकडा मात्र मला भिंग लावूनही सापडला नाही. बँकेत असतो तर अशा कागदावर मी दहा रुपये कर्ज दिलं नसतं.

पुतण्यानं पैसे दिलेच होते, तेव्हा बाटली वापरायचं ठरवलं. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ताडपत्रीवर तीन एकरांचं बियाणं ओतलं. बुरशीनाशक, बाटलीतलं द्रावण, कल्चर असं सगळं एकदम घातलं. नीट लागावं म्हणून वरून पाणीही शिंपडलं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं तरी त्याची उगवण कमी होते. सकाळी पाहतो तो दाणे फुगलेले, साली सुटलेल्या, एकमेकांना चिकटलेले. पेरणी यंत्राच्या नळीत ते अडकू लागले. तरी आभाळाकडं पाहून त्यानं पेरलं. आठ दिवसांनी रानात कुठं दाट, कुठं टक्कल. तीनपैकी दीड एकर दुबार पेरावं लागलं. तीस किलोंच्या बियाण्याच्या पिशवीला तीन-साडेतीन हजार रुपये, शिवाय ट्रॅक्टर, शिवाय पावसाचे वाया गेलेले दिवस. दुकानदार म्हणाला, “दादा, पाणी जास्त पडलं असेल.” ते खरंच होतं. पण पाणी किती घालायचं हे बाटलीवर नव्हतं आणि बाटली विकताना त्यानंही सांगितलं नव्हतं.

म्हणजे एकीकडे मी, नियमावर बोट ठेवून चिमूट खोडणारा. दुसरीकडे चिमटीचा धंदा करून ती गळ्यात मारणारा. आणि दोघांच्या मधे अण्णांसारखा किंवा माझ्या पुतण्यासारखा शेतकरी. माझ्या मते सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं आपल्याकडचं सगळं दुखणं या दोन टोकांत आहे. लहान मात्रेचं मोल असतं, पण त्या मोलाबरोबर मोठी काळजी घ्यावी लागते. आणि काळजी ही गोष्ट कर्जाच्या तक्त्यात बसत नाही, तशी बाटलीतही भरता येत नाही.

काळजीची पहिली पायरी म्हणजे आपल्या जमिनीला काय कमी आहे हे जाणून घेणं. मराठवाड्या-विदर्भातली बरीच काळी जमीन विम्लधर्मी आणि चुनखडीची. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. पावसाची झड लागली की सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. शेतकऱ्याला वाटतं नत्र कमी पडलं, म्हणून तो युरिया फेकतो. आणि आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायचा आळस करतं. मॉलिब्डेनमचं गणित नेमकं उलटं आहे. ते विम्ल जमिनीत बऱ्यापैकी मिळतं आणि आम्लधर्मी तांबड्या जमिनीत अडकून पडतं. त्यामुळं कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या तांबड्या रानात जी पुडी उपयोगी ठरेल, तीच लातूरच्या काळ्या रानात पैसे वाया घालवणारी ठरू शकते. दोघांना एकच बाटली विकणं म्हणजे सगळ्या घरादाराला एकाच नंबरचा चष्मा देण्यासारखं आहे.

यासाठी मातीची तपासणी हवी. 2015 च्या फेब्रुवारीत मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. त्यांत जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत. मॉलिब्डेनम नाही. त्याचा अंदाज सामूवरून, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल यावरून बांधावा लागतो. देशभरातून तपासलेल्या मातीच्या नमुन्यांत एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी जस्त कमी आढळलं आहे. पण किती घरांत ती पत्रिका वाचली जाते? माझ्या पुतण्याची पत्रिका देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होती. दुबार पेरणीनंतर आम्ही ती काढून वाचली. जस्त कमी, बाकी ठीक. म्हणजे ‘सर्व अन्नद्रव्यां’च्या बाटलीची त्याला गरजच नव्हती.

आणि जस्ताच्या बाबतीतही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मॉलिब्डेनमची पिकाची गरज इतकी थोडी असते की ती बियाण्यावरून भागू शकते. जस्त-लोहाची तशी भागत नाही. बियाण्याला लावलेलं जस्त रोपाला बाळपणी हात देतं, पण जमीनच जस्तानं रिकामी असेल तर झिंक सल्फेट मातीत द्यावं लागतं किंवा पानांवर फवारावं लागतं. बाळगुटीनं बाळपण निभतं, जन्मभराचं जेवण होत नाही.

ही चिमूट मनावर घेतलेला देश पाहायचा तर ब्राझीलकडं पाहावं. तिथली सोयाबीनची जमीन बरीचशी आम्ल, मुळात नापीक. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या योहाना डोबेराइनर या बाईंनी तिथं आग्रह धरला की सोयाबीनला नत्र जिवाणूंनी पुरवावं, गोणीनं नव्हे. त्यांच्याच वाटेनं पुढं गेलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना 2025 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथले शेतकरी जिवाणूंसोबत हेक्टरी सुमारे 12 ते 25 ग्रॅम मॉलिब्डेनम आणि 2 ते 3 ग्रॅम कोबाल्ट एवढंच वापरतात; हेक्टरी उतारा मात्र तीन टनांच्या वर, आपला टनाच्या आसपास. हा फरक काही ग्रॅमांमुळं पडला असं मी म्हणत नाही. त्यांचा पाऊस, त्यांची मोठी रानं, त्यांचे वाण, सगळंच वेगळं. पण तिथं संशोधक, शेतकरी आणि दुकानदार यांनी त्या ग्रॅमांचा हिशेब ठेवला. हे क्षार थेट जिवाणूंना लागले तर जिवाणू मरतात असं दिसल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी तेही सांगितलं आणि बियाण्याऐवजी पानांवर फवारण्याचा पर्याय दिला.

आता प्रत्यक्ष काम. ते आमच्या अण्णांच्या घरी मी दुसऱ्या वर्षी मुद्दाम जाऊन पाहिलं. ते अण्णा करत नव्हते, काकू करत होत्या. पेरणीच्या पंधरा दिवस आधी त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळून ठेवले होते. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं, त्याखाली गेलं तर प्रमाण वाढवायचं नाही तर बियाणं बदलायचं. 2020 च्या खरिपात राज्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा मला ते बारदान आठवलं. बुरशीनाशक त्या आधीच लावून सुकवत. त्यासाठीचं घमेलं वेगळं. त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे चुकून कुणी घरात वापरू नये. हाताला प्लॅस्टिकची पिशवी. उरलेलं औषधाचं बी कोंबड्यांना नाही, शेजाऱ्यांनाही नाही. कल्चर मात्र पेरणीच्या दिवशी आणि सगळ्यात शेवटी. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, गार केलेल्या गुळाच्या पाण्यात अगदी थोडं कालवून, हलक्या हातानं, दाणे चोळायचे नाहीत तर खाली-वर करायचे. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी रानात. पाकिटावरची मुदत पाहायची. आणि पाकीट सोयाबीनचंच आहे ना, हेही. हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही, जशी एका घरची किल्ली दुसऱ्या घराला लागत नाही.

एवढ्या कामाला तासभर लागला. त्या तासाची मजुरी कुठल्याही हिशेबात नव्हती, माझ्याही नाही. घरातल्या बाईचा तास आणि यादीच्या समासातली ओळ, दोन्ही आमच्या तक्त्याबाहेर.

कुणी विचारील, आणि विचारायलाच हवं, की सोयाबीनला भाव नसताना या चिमटीचं कौतुक कशाला? 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि कितीतरी शेतकऱ्यांना बाजारात त्याहून कमी भावात माल द्यावा लागला. 2025-26 साठी तो 5,328 जाहीर झाला. पण जाहीर होणं आणि पदरात पडणं यांतलं अंतर शेतकरी जाणतो. हे सगळं खरं आहे. बियाण्याची पुडी हमीभावाची जागा घेणार नाही, आणि ‘तुम्ही बीजप्रक्रिया करत नाही म्हणून गरीब राहता’ असं शेतकऱ्याला सुनावणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की भाव त्याच्या हातात नाही, पाऊस हातात नाही. पेरणीआधीचा तो एक तास हातात आहे. निदान तो तरी आपण त्याच्याकडून काढून घेऊ नये. मी तो नियमानं काढून घेतला, दुकानदारानं बाटलीनं.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. पीककर्जाचा दर ठरवताना बीजप्रक्रियेची एक स्वतंत्र ओळ तक्त्यात असावी, म्हणजे माझ्यासारख्या कुणाला ती खोडता येणार नाही. विद्यापीठांची कल्चरची पाकिटं मृगाआधी गावात पोचावीत. पेरणी उरकल्यावर आलेलं पाकीट काय कामाचं? बियाण्याच्या औषधावर आतल्या प्रत्येक द्रव्याचं प्रमाण वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत मराठीत असावं, आणि खताबरोबर ते गळ्यात मारणाऱ्याचा परवाना खरोखर जावा. आणि मृदा पत्रिका वाटण्याबरोबर ती वाचून दाखवणारं माणूस प्रत्येक गावात असावं.

शेतकऱ्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट मला सुचते, आणि तीही अण्णांकडून उसनी घेतलेली. त्यांनी पैशाअभावी दोन एकर कोरे ठेवले. तुम्ही हौसेनं चार तासं कोरी ठेवा. कुठलंही नवं औषध लावा, पण रानात चार तासं त्याशिवाय पेरा, खुणेला काठी रोवा आणि महिना-सव्वा महिन्यानं दोन्हीकडची मुळं धुऊन पाहा. काढणीच्या वेळी त्या तासांची रास वेगळी मोजा. जाहिरातीपेक्षा, सल्लागारापेक्षा आणि माझ्या या लेखापेक्षाही ती चार तासं खरं बोलतील.

माझ्या पुतण्यानं पुढच्या खरिपात तसं केलं. जिथं याआधी कधी सोयाबीन झालं नव्हतं अशा तुकड्यात त्यानं तीन खुणा रोवल्या : काही तासं कोरी, काहींना नुसतं कल्चर, काहींना कल्चर आणि एका ओळखीच्यानं आणून दिलेली मॉलिब्डेनमची पुडी. जस्त त्यानं पत्रिकेप्रमाणं सगळ्या रानाला मातीतून दिलं होतं. ऑगस्टात मी गेलो तेव्हा त्यानं मला बांधावर बसवलं, मुळं धुऊन पुढं ठेवली आणि म्हणाला, “काका, कोऱ्या तासात गाठी मोजक्या हायत. कल्चरच्या तासात भरपूर. पण कल्चरवर पुडी टाकली तिथं आणखी काही फरक दिसना. आपल्या रानाला त्या पुडीची गरज नसावी. पुढच्या वर्षी ते पैसे वाचले.”

मी एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी होती. अण्णा आता नाहीत. ते असते तर त्यांच्यासमोर वहीचा तो कागद पुन्हा मांडून मी समासातली ओळ मंजूर केली असती, आणि नंतर त्यांना विचारलं असतं, की अण्णा, यातलं जस्त तुमच्या रानाला खरंच लागतं का, आधी मातीचा कागद दाखवा. मला वाटतं, या दुसऱ्या प्रश्नावर ते पहिल्यापेक्षा जास्त खूश झाले असते.